निळा झालेला सांगावा

रायतळीच्या पाड्यावर लाहूला सगळे सांगाव्या म्हणत. कोणाकडे लग्न निघो की मरण, सोयऱ्यांच्या दारात जाऊन सांगायचं काम त्याचं. तीस वर्षं त्यानं त्यासाठी डोंगर तुडवले. मोबाईल आले तशी बातमी त्याच्या आधी पोचू लागली, पण मयताचा सांगावा घेऊन माणूस दारात आल्याशिवाय सोयरे पाऊल उचलत नसत. लाहू पोचायचा, ओट्यावर तांब्याभर पाणी प्यायचा, सांगायचा, आणि मगच ते घर रडायला लागायचं.

असा माणूस व्हॉट्सअ‍ॅपला नाकं मुरडेल असं कोणालाही वाटेल. पण हा पठ्ठ्या सगळ्यांच्या पुढे! "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," असं बायको जमना म्हणायची. आता त्याचे गुडघेच कामातून गेले होते, त्याला तो तरी काय करणार? म्हातारे कुरकुरले की लाहू सुनवायचा, "पाड्यावर पहिली एसटी आली तेव्हा पण तुम्ही पळालातच ना? वापरून तर बघा!" लिहिता येत नव्हतं, म्हणून तो बोलून पाठवायचा. समोरच्यानं ऐकलं की माईकची खूण निळी होते, हे त्यानंच पाड्याला शिकवलं. पोलिओचा डोस, रेशन, हळदीचा दिवस, सगळं बिनबोभाट पोचू लागलं.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात, एका सकाळी पाड्यावरची शुक्रीबाई गेली. तिचा एकुलता भाऊ बाबल्या तलासरीपलीकडे, उधव्याला. भावानं आणलेलं लुगडं अंगावर घातल्याशिवाय बाईला अग्नी देत नाहीत. नाहीतर ती माहेराविना गेली असं धरतात.

शुक्रीचा मुलगा उमेश लाहूकडे आला. "काका, उधव्याला जाल काय?"

"बस रे. सांगावा म्हणजे माझा आवाजच ना? आता पाठवतो."

नेहमीचेच शब्द लाहूनं फोनमध्ये सांगितले आणि बाबल्याच्या सुनेला, दक्षाला, पाठवले. पावणेनऊला खूण निळी झाली. उमेशनं फोन लावला तर दक्षा म्हणाली, "बाबांनी ऐकला. आंघोळ करून, लुगडं घेऊन तयार बसलेत." लाहूनं सगळ्यांकडे अशा ऐटीत पाहिलं की जणू बाबल्याला त्यानंच पाठीवर घालून आणलंय.

अकरा वाजले. एक वाजला. उधव्याचा फोन आता लागेना. प्रत्येक जीपच्या आवाजाला उमेश रस्त्यापर्यंत जाऊन येई. लाहू पुन्हा पुन्हा फोन उघडून ती निळी खूण बघत होता. तिच्याकडे बघून ती थोडीच काही सांगणार! ऊन असं की मयत ठेवणं होईना. शेवटी तीन वाजता जमनानं आपल्या पेटीतलं कोरं लुगडं आणून शुक्रीच्या अंगावर घातलं आणि उमेशनं अग्नी दिला.

लाहूला राहवेना. वाटेत काही बरंवाईट तर झालं नसेल? मिळेल त्या जीपला लोंबकळत तो उधव्याला पोचला तेव्हा दिवस कलला होता.

बाबल्या ओट्यावर बसला होता. धुतलेलं धोतर, मांडीवर हिरवं लुगडं, शेजारी झाकून ठेवलेला पाण्याचा तांब्या.

"आलास?" तो म्हणाला. "सकाळपासून वाट बघतोय तुझी."

"दादा, तुम्ही ऐकलात ना माझं?"

"ऐकलं की. फोनवर काय, लोक काय पण धाडतात. पण तुझा आवाज होता, म्हणून खरं धरलं. म्हटलं लाहू निघाला असेल. सांगाव्या दारात आल्याबिगर बहिणीच्या मयताला कसा निघू? ती काय म्हणंल, भाऊ न बोलावता आला?" त्यानं तांब्या पुढे केला. "पाणी पी. सांग. मग निघू."

लाहूनं तांब्या घेतला, पण त्याच्यानं पाणी पिववेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सांगावा सांगायची लाज वाटली.

"दादा, अग्नी दिला."

बाबल्या निघायला म्हणून उठला होता. मग त्यानं लुगड्याची घडी उलगडली, पुन्हा घातली आणि लाहूपुढे धरली.

"मग हे आता मी कोणाला नेसवू?"