बाहेर म्हणे तेवीस अंश

ताईचं बाळंतपण करायला आई सांगलीहून जर्मनीत वाल्डॉर्फला आली, ती मुख्यतः बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालायला. नेमक्या त्याच कामावर घरमालकानं बंदी घातली आणि आमच्या माणसांनी ती मुकाट मानली. दोन्हींचा मला अजून संताप येतो.

सुट्टीत मी शिकते त्या कायझर्सलाउटर्नहून तिथे गेले तेव्हा घर गारठलं होतं. खोल्या तापवणारे रेडिएटर थंडगार, खिडकीतलं खोबरेल थिजून पांढरं झालेलं. नळाला मात्र कढत पाणी. यावरून खालच्या मजल्यावरच्या मालकानं दाजींना सुनावलं होतं, "बॉयलरची सगळी ऊब तुमच्या आंघोळीत जाते. बाळाला आठवड्यातून एकदा पुरे. आणि तुम्ही गरम देशातले, तुम्हाला थंडी जास्तच वाजणार." हे सांगताना तो स्वतःच्या पेटलेल्या लाकडाच्या शेगडीजवळ बसला होता!

दाजी सॉफ्टवेअरवाले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतात. इथे मात्र मान डोलावून वर आले. "आई, थोडे दिवस आंघोळ राहू द्या. नुसतं पुसून घेऊ."

"मग मी इथे स्वेटर घालून बसायला आलेय का?" आई मला स्वयंपाकघरात म्हणाली.

"दाजी, निदान बॉयलर बघू या तरी," मी म्हटलं.

"अगं, घर किती मुश्किलीनं मिळालंय! परक्या देशात जरा ॲडजस्ट करावं लागतं."

ॲडजस्ट! भाडं पुरेपूर भरायचं आणि ऊब मागताना पाहुण्यासारखं लाजायचं. ही कुठली सभ्यता?

मी किल्ली घेऊन तळघरात गेले. बॉयलरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान होतं तेवीस अंश. बाहेर मोटारींच्या काचांवर बर्फ साचलेला. घराच्या उत्तरेच्या भिंतीवर एक पांढरी डबी आहे. तिच्यातला सेन्सर बाहेरची थंडी मोजून बॉयलरला कळवतो. तोच बिघडला होता. बॉयलरच्या लेखी उन्हाळा चालू होता, म्हणून तो फक्त नळाचं पाणी तापवत होता आणि रेडिएटर बंद ठेवत होता. बाळाच्या आंघोळीचा काडीचाही संबंध नव्हता.

मालकाला खाली बोलावून पडदा दाखवला. "हो, हो," तो म्हणाला, "यंत्र आहे, चुकतं कधीकधी."

यंत्रही चुकतं, हे त्याला आत्ता सुचलं. तोवर चुकण्याचा मक्ता आमच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. शिडी लावून त्यानं जुना सेन्सर काढला, नवा बसवला. थोड्या वेळात रेडिएटर तापले.

"आल्झो, चला, झालं ना आता?" मालक म्हणाला.

"नाही झालं. वर चला आणि माझ्या आईला सांगा, तिची चूक नव्हती."

तो हसला. "कशाला? सेन्सर खराब होता, एवढंच."

दाजी माझी बाही ओढत पुटपुटले, "अगं, जाऊ दे ना." तेवढ्यात मालकानं दार लावूनही घेतलं.

वर येऊन मी तावातावानं सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग ती दाजींकडे वळली.

"जावईबापू, तो परका. त्याला काय कळणार? पण मला एका शब्दानं न विचारता तुम्ही त्याचं ऐकलंत कसं?"

 दाजी बाह्या सरसावून टबात पाणी काढायला गेले.

"कोमट काढा," आईनं मागून बजावलं.