खजुराच्या डब्यातली गिरणी

बहरीनहून परतलेली आम्ही पनवेलची माणसं स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला जमलो की किस्से निघतात. कुणी किती कमावलं ते कुणी सांगत नाही. घरी कसं आणलं, एवढंच! आता हसतो, तेव्हा हसू येत नव्हतं.

आमच्या मेसचा आचारी गणपत. त्यानं सगळ्या बचतीची घड्याळं घेतली आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत बांधली, वर फुल शर्ट. कस्टमवाल्यानं सहज विचारलं, "किती वाजले हो?"

गणपतला दरदरून घाम! म्हणाला, "कुठल्या हातात, साहेब?"

माझा रूममेट इब्राहिम पैशांचा पट्टा आंघोळीलाही सोडायचा नाही. मग ओल्या नोटा दोरीवर वाळत घालायचा आणि खाली काठी घेऊन उभा राहायचा.

मी म्हणायचो, "अरे, इथं कावळे कुठायत?"

"माणसं हायत ना!"

मी नोटा खजुराच्या डब्यात तळाशी दडवल्या. बोटीत शेजारच्यानं एक खजूर मागितला. घाबरून बोलून गेलो, "नवसाचा आहे!" मुंबई येईपर्यंत तो बिचारा रोज सकाळी डब्याला हात जोडत होता.

त्या डब्यात आईची गिरणी होती. आमच्या गावाहून, नेऱ्याहून, पनवेलला डोक्यावरून दळण नेऊन तिची मान गेली होती. मुंबईत गिरणीच्या इंजिनाचा विसार दिला होता. अक्षयतृतीयेपर्यंत बाकी भरली नाही, तर विसारही बुडणार.

नेऱ्याला पोचून आईसमोर डबा उघडला. नोटा चिकट आणि लालभडक! त्या वर्षी सरकारनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. नाव आपलंच, आकडा आपलाच, म्हणून मी निर्धास्त. बँकेतला कारकून म्हणाला, "इथं चालत नाहीत. तिकडून ड्राफ्टच पाठवायचा होतात."

इब्राहिम तेव्हा रजेवर आला होता, परत बहरीनला निघाला होता. तिकडून ड्राफ्ट पाठवायला डबा त्याच्या हाती दिला. लिहिलेलं काही नाही. आईचा डोळ्याला डोळा लागेना. "दुसऱ्याच्या हाती दिलंस सगलं?" एवढंच म्हणायची.

चौथ्या दिवशी दारात बैलगाडी थांबली. पनवेलहून इब्राहिमची आई, आमची खाला, वळकटी घेऊन उतरली. "माझ्या पोरानं तुमचा पैसा नेलाय. ड्राफ्ट येईपर्यंत मी इथं राहणार. आला की त्याच पावली घरी."

आई दोन दिवस तिच्याशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी पापडाचं पीठ तिच्यापुढं सरकवलं. मग दोघी लाटायला बसल्या, आणि काय त्या गप्पा! रात्री आईचं घोरणं ऐकू येऊ लागलं. झोप उडाली होती ती माझी.

अक्षयतृतीयेच्या चार दिवस आधी पोस्टमन आला. रजिस्टर पाकीट, आत ड्राफ्ट, पैन् पै बरोबर! आईनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि डोळे पुसले.

आतून खालानं विचारलं, "कोण आलं रे?"

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "कोन नाय. लाट तू."