पावणेचारची राणी

ओपल हॅसकिन्सबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. मी स्वतः बोलते ते वेगळं. शेजारीण आहे ती माझी, आणि मला तेवढा हक्क आहे.

बोल्डर हायवेवरच्या ट्रेलरच्या वसाहतीत तिचं आणि माझं घर समोरासमोर. मी आयुष्यभर ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटले, ती केनोच्या चिठ्ठ्या घेऊन धावली. केनो म्हणजे आकड्यांच्या सोडतीचा जुगार. लोकांनी आकडे खुणावलेली चिठ्ठी उचलायची, खिडकीवर पोचवायची, परत यायचं, आणि हे सगळं उंच टाचांच्या बुटांत. तिच्या पायाची बोटं बघाल तर हळहळाल. पुढे केनो बंद पडला, तिला घरी पाठवलं, आणि दोनच वर्षांत तिचा रॉय गेला.

रॉय गेल्यावर ही बाई जेवेनाशी झाली. माझ्या खिडकीतून तिचं स्वयंपाकघर दिसायचं. वाडग्यात कोरडे कॉर्नफ्लेक्स घ्यायची, बेसिनशी उभ्यानंच चार चमचे खायची, आणि वाडगं धुऊन टाकायची. आठवडेच्या आठवडे हेच. हाडं वर आली होती. शेवटी एका शुक्रवारी मी तिला दंडाला धरून 'कॉपर म्यूल'मध्ये घेऊन गेले. आमच्या भागातला कॅसिनो तो, आम्ही नुसतं 'खेचर' म्हणतो. तिथल्या बफेत तिच्यासमोर गरम बीफचा जाड काप ठेवला, आणि बाई जेवली! दोनदा उठून वाढून आणलं! मला इतका आनंद झाला की मी तिला शिव्याच घातल्या.

त्यानंतर शुक्रवार चुकला नाही. आणि खायला लागल्यावर तिचं डोकंही चालायला लागलं. बफेचे नियम तिनं सगळ्या वसाहतीला शिकवले. पावाला हात लावायचा नाही. सॅलड पर्यटकांसाठी. पहिली ताटली बीफची, दुसरी खेकड्यांच्या नांग्यांची, आणि नांग्या वाफेच्या भांड्यातल्याच, बर्फावरच्या नाहीत. पण तिचा खरा शोध होता पावणेचारचा. दुपारचा दर दहा डॉलर, चार वाजले की रात्रीचा दर एकोणीस, आणि शुक्रवारी नांग्या येतात त्या चारनंतरच. ओपलनं ताडलं, की आत बसलेल्याला कुणी उठवत नाही. पावणेचारला दहा डॉलर भरायचे, कॉफी घेऊन गप्पा मारत बसायचं, आणि चार वाजता नांग्या आल्या की ताटली उचलायची! अहो, चमत्कार! महिन्याभरात पावणेचारची रांग दारापर्यंत गेली. रांगेत पहिली जागा ओपलची, हे न बोलता ठरलं. रात्रीचा दर भरणं म्हणजे आमच्यात नाचक्कीच. तो पर्यटकांनी भरायचा.

गेल्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. नांग्या बारीक यायला लागल्या, त्याही खारट. बीफ कापायला इग्नासिओ असतो, वीस-बावीस वर्षं तोच आहे, पण त्याचा काप इतका पातळ झाला की पलीकडचं दिसावं.

"काय रे, सुरी बदललीस की मन?" मी त्याला विचारलं.

"मिस रेनी, मला सांगितलंय तेवढंच कापतो," तो खाली मान घालून म्हणाला.

आणि मग बफेच्या दारावर कागद लागला. महिनाअखेर बफे बंद. तिथे बर्गरचे आणि नूडल्सचे ठेले येणार.

ओपल कागदासमोर उभी राहिली. घरी परतताना गाडीत म्हणाली, "रेनी, मला पुन्हा त्या बेसिनशी उभं राहून जेवायचं नाहीये गं."

पण हिला रडत बसायचं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझं दार बडवलं. "ऊठ! त्यांना वाटतंय बफे मेलाय. आपण पुढच्या शुक्रवारी एक खुर्ची रिकामी ठेवायची नाही!"

आणि ठेवली नाही! सगळी वसाहत आली, चर्चमधली बिंगोवाली मंडळी आली, क्लेटन नावाचा आमचा निवृत्त बस ड्रायव्हर आपल्या जुन्या डेपोतले चौदा गडी घेऊन आला. बफे असा भरला की इग्नासिओला घाम पुसायला फुरसत नाही. मॅनेजर मिस्टर ट्रेंट दाराशी उभा होता, हातात टॅबलेट, नवीनच आलेला पोरगेला माणूस. ओपलनं त्याला बाहीला धरून आत आणलं.

"बघ, बाळा! हा बफे मेलाय म्हणतोस?"

तो हसला, पण दमून. "मिसेस हॅसकिन्स, वर्षातला सगळ्यात वाईट दिवस आहे आजचा माझा."

"म्हणजे?"

"हे सगळे दहा डॉलर भरून आलेत आणि एकोणीसचं जेवतायत. जितके जास्त येतील तितका माझा तोटा. बफेत तोटा चालतो हो, जेवून माणूस बाहेर जुगाराच्या मशीनवर बसला तर. तुमच्यातला एक तरी बसतो का? जेवता, पर्समध्ये फळं कोंबता, आणि घरी." त्यानं हात पसरले. "बीफ पातळ का झालं असं वाटलं तुम्हाला?"

मी तोंड उघडणार होते, चांगल्या चार गोष्टी ऐकवायला, कारण आम्ही सगळी जिंदगी याच जुगारवाल्यांकडे राबलो, मशीनवर बसणाऱ्यांचं काय होतं ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. पण ओपलनं मला थांबवलं. तिचा चेहरा उतरला होता.

"आणि यांनी रात्रीचा दर भरला तर?" तिनं विचारलं.

"हे लोक?" ट्रेंट खळखळून हसला. "यांच्यातल्या निम्म्यांनी जरी एका शुक्रवारी एकोणीस भरले ना, तर मी स्वतः वर फोन करून बफे वाचवीन."

"हात दे."

"काय?"

"पैज लावतोयस ना माझ्याशी, मग हात दे, बाळा. पुढचा शुक्रवार."

या गावात पैजेवर हात दिला की दिला. ट्रेंटनंही दिला, हसत हसत.

घरी येईपर्यंत ओपल एकच बोलत होती. "आपणच खाल्लं गं ते खेचर. मीच शिकवलं सगळ्यांना." मग तिनं फोन सुरू केले. प्रत्येकजण म्हणाला, हो हो, बफे वाचलाच पाहिजे, ओपल, तू म्हणजे ग्रेट. आणि एकोणीस डॉलरचं नाव काढलं की खोकला. क्लेटन तर भडकलाच. "मी काय पर्यटक आहे? एकोणीस इतरांनी भरावेत, माझ्या एकट्याच्या दहांनी काय बुडणार आहे! आणि जास्त बोलशील तर मी साडेतीनलाच येऊन बसेन."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर एकालाही केला नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

शुक्रवारी मी नेहमीच्या वेळी रांगेत पोचले तर ओपल सगळ्यात पुढे, आणि तिच्या हातात वॉकर! ते चार पायांचं, म्हाताऱ्यांचं. आता, ओपलचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. मी तो वॉकर ओळखला, तिसऱ्या गल्लीतल्या आजारी बाईचा होता. दोन्ही बाजूंना दोर बांधलेली ती अरुंद वाट, आणि त्यात हा वॉकर आडवा! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि मी तोंडावर हात दाबला, नाहीतर किंचाळलेच असते.

"बाई गं! तू वेडी आहेस!" मी तिच्या कानात म्हटलं.

"गप्प. तुझ्या मागे कोण आहे?"

"क्लेटन."

"देवा, तूच सांभाळ मला," ती म्हणाली.

गल्ल्यावरच्या जोआननं हाक मारली, "पुढे या, मिस ओपल!" वर भिंतीवरच्या घड्याळात चारला बारा मिनिटं कमी होती. ओपलनं पर्स उघडली. कॅसिनोच्या क्लबचं कार्ड सापडेना, आणि ते दाखवल्याशिवाय पावती फाडत नाहीत. तिनं पर्समधली एकेक वस्तू काढून गल्ल्यावर मांडायला सुरुवात केली. रुमाल. लिपस्टिक. चष्मा, दुसरा चष्मा. खोकल्याच्या गोळ्या. मग केनोच्या जमान्यातले, आकडे खुणवायचे काळे खडू, मूठभर, आणि ते तिच्या हातातून निसटून जमिनीवर गडगडत गेले.

"ओपल, काय चाललंय!" मागून क्लेटन गरजला. "घड्याळ बघ!"

"बघतेय रे बाबा. म्हातारी झालेय मी."

"कालपर्यंत नव्हतीस! रेनी, तू तिच्या पुढे जा! ढकल तो सांगाडा बाजूला!"

आणि खरं सांगते, जाता आलं असतं मला. वॉकर काही लोखंडी फाटक नव्हतं. भूकही लागली होती, आणि नऊ डॉलर म्हणजे माझ्या दोन दिवसांच्या भाज्या. मागे पन्नास-साठ माणसं ओरडत होती. पण मला ते बेसिन आठवलं. मग मी काय केलं? मी गुडघ्यांवर बसले, नेमकी त्या वाटेच्या मध्यात, आणि खडू वेचायला लागले. एक उचलायचा, पुसायचा, न्याहाळायचा, मग दुसरा.

"दोघी मिळालेल्या आहेत!" क्लेटन किंचाळला. "अरे, लूट चाललीय लूट!" आणि तो दोराखालून घुसायला वाकला. पण त्याच्या पँटचे खांद्यावरचे पट्टे दोराच्या खांबाला अडकले, आणि तो तसाच, अर्धा वाकलेला, ना पुढे ना मागे. डेपोतले दोन गडी त्याला सोडवायला धावले, पण हसून हसून त्यांच्या हातांत बळच राहिलं नाही. मी खाली बसल्या बसल्या डोळे पुसत होते. जोआननं तर गल्ल्याखाली तोंड लपवलं होतं.

आणि चार वाजले.

जोआननं उठून पाटी उलटी केली. एकोणीस. आतून नांग्यांच्या वाफेचा वास आला, आणि सगळ्या रांगेच्या माना तिकडे वळल्या. ओपलला कार्ड लगेच सापडलं. तिनं ब्लाउजच्या खिशातून वीसची नोट काढली, गल्ल्यावर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "एक जेवण. रात्रीचं."

मग ती वळली. वॉकर एका हातानं उचलून बाजूला ठेवला. "शिव्या घाला मला. पावणेचारची वाट मीच दाखवली होती, आज मीच बंद केली. आपण दहात जेवतो म्हणून इग्नासिओ कागदासारखं बीफ कापतो. ज्याला दहातच जेवायचंय त्यानं आज घरी जावं, आणि पुढच्या महिन्यात सगळेच घरी जेवू. एकेकटे."

क्लेटन सुटला होता. लालबुंद तोंडानं तो दाराकडे तरातरा निघाला, आणि त्याच्या मागून तिघं-चौघं. तो मशीनच्या रांगांपर्यंत गेला, तिथे थांबला. टोपी काढली, घातली. मग वळला आणि तणतणतच परत आला.

"घरी जाऊन काय डब्यातलं सूप गरम करू?" त्यानं नोट जोआनसमोर आपटली. "एकोणीस घेतायत ना? आज यांचं दिवाळं काढतो!"

मग काय विचारता! सगळी रांग त्याच्या मागे आत! कुरकुरत, मला कोपर मारत, ओपलला टोमणे देत, पण आत! आणि जेवले कसे! बिंगोवाल्या बायकांनी नांग्यांचे ढीग रचले. क्लेटन पाच ताटल्या जेवला आणि प्रत्येक ताटलीला ओपलकडे बघून म्हणाला, "ही तुझ्या नावानं!" ट्रेंट दाराशी टॅबलेट घेऊन उभा होता. थोड्या वेळानं त्यानं टॅबलेट काखेत मारला, आमच्या टेबलाशी आला आणि ओपलपुढे हात केला. तिचे हात नांग्यांच्या रसानं माखलेले. तिनं तसाच मिळवला.

बफे राहिला. दुपारचा दर गेला. आता दिवसभर एकच किंमत, सोळा डॉलर, नांग्या पहिल्यापासून मांडलेल्या. नव्या दराच्या पहिल्या शुक्रवारी इग्नासिओनं ओपलच्या ताटलीत बोटाएवढा जाड काप ठेवला आणि म्हणाला, "मिस ओपल, मन तेच होतं."

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी आम्ही दोघी जरा उशिराच निघालो. आता घाई कसली, कधीही जा, दर तोच. पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. बघतो तर रांग दारापर्यंत! सगळे हजर, आणि आत कुणी गेलेलं नाही.

"अरे, किंमत दिवसभर एकच आहे ना?" मी क्लेटनला विचारलं. "मग इथे का उभा आहेस खुळ्यासारखा?"

"कारण राणीसाहेब उशिरा आल्या," तो घड्याळाकडे बघत गुरगुरला.

तो रांगेत दुसरा उभा होता. त्याच्या पुढची जागा रिकामी होती.