यंदा गणपती बसवले नाहीत

आमचा दिनानाथ खोटं बोलायला गेला की कानापर्यंत लाल होतो. पाठचा भाऊ आहे माझा, लहानपणापासून बघतेय. रेल्वेत बुकिंग क्लर्क होता. जन्मभर दुसऱ्यांना तिकिटं दिली आणि स्वतःच्या एकुलत्या एका पोराला असल्या नोकरीत धाडलं, जिथून ना फोन, ना पत्ता. वर मलाच ऐकवायचा, "मनोरमाताई, नौसेना है अपनी, मजाक थोडी है!"

यतीन अणुपाणबुडीवर होता, इंजिनाकडे. ती पाणबुडी रशियाकडून भाड्यानं घेतलेली. आमच्या वस्तीत, सुदामा नगरात, भाड्याची घरं पाहिली होती बाई, भाड्याची पाणबुडी पहिल्यांदाच ऐकली! परक्या युद्धनौकांच्या आणि पाणबुड्यांच्या गुपचूप मागावर राहायचं, हे तिचं काम. अणुभट्टीवर चालते, त्यामुळे हवेसाठी वर यावं लागत नाही. आतला शिधा पुरेल तोवर खालीच. यतीन सांगायचा, "आत्या, खाली आवाज झाला की आपण सापडलो. आम्ही फक्त ऐकतो, बोलत नाही." घरच्यांनी चार ओळींचा निरोप नौदलाच्या तळावर पाठवायचा, तिथले साहेब वाचून तो खाली पोचवायचे. खालून उत्तर नाही.

त्या खेपेला तो निघाला तेव्हा त्याच्या आईच्या, सरलाच्या, दोन्ही किडन्या जवळपास गेल्याच होत्या. यतीननं बापाला स्वयंपाकघरात ओढलं. मी तिथेच चहा गाळत होते.

"बाबा, वाईट काही झालं तर कळवू नका. मला येता येणार नाही. आणि डोकं ठिकाणावर नसलेला माणूस त्या मशीनपाशी सगळ्यांना घेऊन मरेल."

दिनानाथनं मान हलवली. आतून सरला ओरडली, "गणपतीत ये रे!"

गणपती तोंडावर आले आणि सरला गेली. अग्नी दिनानाथनंच दिला. गुरुजी म्हणाले, "मुलाचं सुतक त्याला कळेल तेव्हापासून. पुरे दहा दिवस."

"म्हणजे त्याला कळेपर्यंत त्याची आई आहे," दिनानाथ म्हणाला.

असा राग आला मला! बाईची राख झाली आणि हा काय बोलतोय? पण मग बघितलं, फोन घेऊन कोपऱ्यात बसलेला. लिहितोय, पुसतोय, पुन्हा लिहितोय.

"आई बरी आहे म्हणून लिही आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"नाही लिहवत, ताई."

"मग पाठवूच नकोस."

"निरोप नाही गेला तर तो तिथे घाबरेल ना!"

शेवटी अंगणात जाऊन पाठवून आला. साहेबांना वाचता यावं म्हणून निरोप नेहमी हिंदीत असायचा. "एक अक्षर खोटं नाही लिहिलं," म्हणाला. सरला गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास नीट जेवला.

यतीन वर आला तो दिवाळी होऊन गेल्यावर. फोन वाजला तेव्हा स्पीकर मीच लावला. किती दिवस घोकून ठेवलं होतं बिचाऱ्यानं. "बेटा, तुझी आई..."

"माहीत आहे, बाबा."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. इस साल गणपती नहीं बिठाए, असं लिहिलं होतंत."

मी कपाळाला हात लावला. अरे दगडा! साहेबांना त्यात काय दिसणार? पण मराठी पोर ते, घरात सुतक असलं की गणपती बसत नाहीत हे त्याला कोणी शिकवायला हवं होतं का? आमच्या घरी गणपती एकदाच चुकला होता, आमचे वडील गेले तेव्हा.

"निरोप तुमचा होता, बाबा, म्हणजे तुम्ही होतात," यतीन म्हणाला. "मग उरलं कोण? मी दहा दिवस धरले. गोड नाही खाल्लं. जमिनीवर झोपायला तिथे जागाच नाही, तेवढं राहिलं. ड्युटी एकही चुकवली नाही. कुणाला बोललो नाही. रडलं तर आवाज होतो ना."

ज्या एका गोष्टीपासून पोराला वाचवायचं होतं, ती दिनानाथनं स्वतःच्या हातानं त्याच्यापर्यंत पोचवली होती, तीही अशा जागी जिथे त्याला जवळ घ्यायला कुणी नव्हतं. मला रडू आवरेना.

"बाबा, आता तरी बोला काहीतरी," यतीन म्हणत होता.

दिनानाथ नुसता ऐकत बसला होता.