रुमाल टाकलेला ओंडका

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आमचे हे गॅलरीत बसून कोणती गाडी किती उशिरा गेली ते मला सांगायचे. पुढे तेही बंद झालं. बोलेनासा झालेला नवरा दिवसभर घरात बसला की कुकरची शिट्टीसुद्धा दचकवते. मला खरंच भीती वाटायला लागली.

तेवढ्यात ह्यांना मोबाइलवर कुणी परदेशी माणूस वाहून आलेल्या लाकडाचं धनुष्य करताना दिसला. आमच्याकडे धनुष्य बांबूचं करतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण आमच्या घरात सगळ्यांत जास्त शिकलेला मोबाइल. तसंच धनुष्य करायचं म्हणून हे रोज धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर फिरू लागले आणि एकदा पाण्याने फुगून जड झालेला लांब ओंडका त्यांना सापडला. एकट्याने तो हलेना. किनाऱ्यावरची रीत अशी, की लाकूड भरतीच्या रेषेवर ओढायचं आणि वर दगड ठेवायचा. मग त्याला कुणी हात लावत नाही. ह्यांनी नोकरीभर जे पाहिलं तेच केलं. ओंडक्यावर रुमाल टाकला आणि टेम्पो ठरवायला गेले.

टेम्पो दुसऱ्या दिवशी मिळाला. तोवर ओंडका मासे सुकवणाऱ्या एका बाईच्या मांडवाचा खांब झाला होता. रुमाल तिने धुऊन, घडी घालून परत दिला. ह्यांनी तिला आरक्षणाचे नियम समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. लाकूड सुकायला अख्खा हंगाम जाईल, इथे फुकट सुकेल, सुकलं की घेऊन जा, तोवर बोंबलांवरचे कावळे तेवढे हाकला, म्हणाली.

तेव्हापासून साहेब सकाळी डबा घेऊन ड्यूटीवर जातात. लाकूड सुकलं का विचारतात, कावळे हाकलतात आणि संध्याकाळी सुक्या बोंबलांचा वास घेऊन घरी येतात. कोणता कावळा शिस्तीचा आणि कोणता फुकट्या, हे जेवण संपेपर्यंत चालतं. लग्न नवं असतानाही ते एवढं बोलले नव्हते. मी नाक धरून ऐकते आणि मला फार बरं वाटतं.

परवा त्यांना ताप आला, म्हणून निरोप द्यायला मी गेले. जाता जाता खांबावर बोटांनी ठोकून पाहिलं. खणखणीत कोरडा. धनुष्य झालं की हे पुन्हा गॅलरीत बसणार.

मी त्या बाईला बाजूला घेतलं. "साहेबांना, अजून ओलंच आहे, असं सांगाल का?"

ती बोंबील टांगत होती. मान वर न करता म्हणाली, "बाय, मी त मागच्या महिन्यापासून तेच सांगते."