कंसातली ओळ

"चहा सांगा," मामा म्हणायचे, आणि सांगणारा वळला की मागून जोडायचे, "कंसात, साखर कमी."

ही सवय त्यांना मशीनने लावली होती. रांजणगावच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कारखान्यात होतो. मी स्टोअरमध्ये, ते क्वालिटीत. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर लोखंड कापणारं, मशीन चालवलं होतं. त्या मशीनच्या प्रोग्राममध्ये कंसात लिहिलेलं मशीन वाचत नाही, सोडून पुढे जातं. 'इथं जपून', 'टूल नवीन टाकलाय', असं काहीबाही पुढच्या पाळीवरच्या माणसासाठी कंसात लिहून ठेवायचं असतं. मामांना ही सोय एवढी आवडली की ते बोलतानाही कंस टाकायला लागले. "साहेब लई हुशार हायत. कंसात, त्यांच्या मते."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या डोक्यात पोटापाण्याशी संबंध नसलेलं एक खूळ कायम चालू असतं. मामांचं खूळ आकाशातलं होतं. कुठूनतरी जुना लॅपटॉप घेतला होता. त्याची स्क्रीन मागे पडायची, म्हणून तिला पाण्याच्या बाटलीचा टेकू. त्यावर ते सूर्य-चंद्राच्या उगवण्या-मावळण्याचे प्रोग्राम लिहायचे. मशीनने न वाचायच्या ओळी इथंही कंसातच. इंग्रजी पुस्तकातली सूत्रं डिक्शनरी घेऊन वाचायची, दोन ओळी लिहायच्या, चालवून बघायच्या, आणि गच्चीवर जाऊन खरा चंद्र आला का ते पाहायचं. चंद्राने वेळ पाळली की "पास" म्हणायचं. कारखान्यात तपासलेल्या मालावर म्हणायचे, अगदी तसंच.

संकष्टीला कॅन्टीनमध्ये कुणीतरी हमखास विचारायचं, "मामा, आज चंद्र कवा?"

"कुठनं बघणार?"

"कुठनं म्हंजी? वर बघून!"

"तसं न्हाई. कारेगावातनं का न्हावऱ्यातनं? मशीनला आधी झिरो द्यावा लागतो, मोजायचं कुठनं त्यो. उभं कुठं ऱ्हायचं ते ठरल्याबिगर चंद्र उगवत न्हाई."

दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला हे ऐकवायला छाती लागते. ती मामांकडे होती.

घर त्यांचं न्हावऱ्याला. पहिला तक्ता त्यांनी आपल्या आळीतल्या बुद्धविहारासाठी काढला. पौर्णिमेच्या वंदनेला चंद्र किती वाजता उगवेल, वर्षभराचा हिशोब, खाली बारीक अक्षरात 'न्हावरे गावापुरते'. मग वरच्या आळीतल्या बायकांनी संकष्टीसाठी मागितला. विहाराच्या भिंतीवरचा तक्ता एकाच वर्षात गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत लागला.

मी एकदा विचारलं, मामा, हे कुठून डोक्यात आलं?

"आमच्या लहानपणी पंचांग सांगणारा गावभर फिरायचा," ते म्हणाले. "आमच्या आळीत कुणी आलं न्हाई. म्हटलं, आपलं आपण काढू." आवाजात तक्रार नव्हती. कंस टाकतील म्हणून मी थांबलो, पण त्यांनी टाकला नाही.

मग त्या सावलीचं प्रकरण झालं.

आपल्याकडे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. कुठल्या दिवशी, ते गावाच्या अक्षांशावर ठरतं. मामांच्या प्रोग्रामने न्हावऱ्यासाठी तेरा मे काढला. सरपंच आप्पांच्या ते कानावर गेलं आणि त्यांनी जंगी बेत केला. शाळेच्या आवारात दहा फुटी पाइप, मांडव, पाहुणे, मामांचा सत्कार. आप्पांनी दोनदा विचारलं, "मामा, नक्की तेरालाच ना? पावणे बोलावलेत." मामा म्हणाले, "नक्की."

तेराला सगळं झकास झालं. बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पाइपची सावली गेली, टाळ्या पडल्या, मामांच्या खांद्यावर शाल आली. त्या आवारात त्यांच्या वडिलांना कधी कुणी खुर्ची दिली नव्हती, हे मला नंतर कळलं. पण मामा खुर्चीवर बसलेच नाहीत. ते पाइपच्या बुडाशी उकिडवे बसून उत्तरेच्या बाजूला पाहत होते.

"स्टोअर, हिकडं या." मला ते कायम स्टोअरच म्हणायचे. "ही बोटभर कड दिसती का?"

मला काही दिसेना. त्यांनी ओळंबा लावला. पाइप सरळ होता.

संध्याकाळी त्यांच्या घरी लॅपटॉपची बाटली लावून आम्ही बसलो. चूक अगदी वरच्या ओळींमध्ये होती. गावाचा अक्षांश १८.३७.

तो आकडा माझ्या चिठ्ठीतला होता. प्रोग्राम सुरू केला तेव्हा आम्हा दोघांकडेही बटणाचे फोन होते. गाव नेमकं कुठे आहे ते शाळेतल्या जुन्या नकाशावरून उतरवून आणायचं काम मी घेतलं होतं. नकाशावर होतं अठरा अंश सदतीस मिनिटं. मी मटेरियल स्लिपच्या पाठीवर लिहिलं अठरा पॉइंट सदतीस. साठ मिनिटांचा एक अंश, म्हणजे खरा आकडा अठरा पॉइंट बासष्टच्या आसपास. चंद्रोदयात त्याने मिनिटाचाही फरक पडत नव्हता, म्हणून दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. सावलीत मात्र अख्खा एक दिवस पडला होता. खरी तारीख चौदा, म्हणजे उद्या.

"मामा, जाऊ द्या," मी म्हणालो. "सगळ्यांनी सावली गेलेली पाहिली. कुणाला कळतंय?"

"मला कळलं ना."

सकाळी त्यांनी मला मोटरसायकलवर डेअरीपाशी न्यायला लावलं. आप्पा तिथे दूध घालणाऱ्यांच्या घोळक्यात उभे होते. मामांनी शाल घडी करून पुढे धरली.

"आप्पा, काल बोटभर चुकलं. खरा दिवस आज हाय. ही शाल ठिवा."

"आवं मामा, बोटभरानं काय व्हतंय?"

"आम्ही बोटभरानं माल रिजेक्ट करतो."

पायरीवरचा एकजण हसला. "बघा! आन् म्हणं आमचा चंद्र मिनिटाला उगवतो. चांगलं पंचांग सोडून ह्यांचे तक्ते लावलेत घराघरात." बाकीचेही हसले. मामांचे कान लाल झालेले मी पाठीमागून पाहिले.

आप्पांनी विचारलं, "पण चुकलं कुणाचं?"

'माझं' असं ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. मामा मागे वळलेसुद्धा नाहीत.

"तपासणाऱ्याचं. लिहिणारा लिहितो, पास तपासणारा करतो."

आणि मी दुधाच्या कॅनकडे पाहत बसलो.

दुपारी मांडव उतरवलेल्या आवारात आम्ही दोघंच होतो. सव्वाबाराला आप्पांची गाडी आली. ते थेट पाइपपाशी जाऊन वाकले. बारा अठ्ठाविसाला पाइपच्या बुडाशी चारी बाजूंनी नुसतं ऊन होतं. आप्पांनी काखेतली शाल काढून मामांच्या खांद्यावर टाकली.

"आता घ्या."

"घेतो," मामा म्हणाले. "कंसात, मे महिना हाय." तिघंही हसलो. मामांनी घामाघूम होईपर्यंत शाल काढली नाही.

त्यानंतर कितीदातरी चहा झाले, मामा निवृत्त झाले, माझ्याकडे नकाशा दाखवणारा फोन आला. त्या चिठ्ठीचा विषय मामांनी कधी काढला नाही आणि मीही नाही. उद्या बोलू, म्हणत राहिलो. गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन मामा गेले.

त्यांची मुलगी दौंडला शिक्षिका आहे. महिन्याभराने ती लॅपटॉप घेऊन आली. "बाबा म्हणाले होते, हे स्टोअरना द्या. विहाराचा तक्ता थांबायला नको." सोबत टेकूची बाटलीही आणली होती.

मी प्रोग्राम उघडला. सर्वांत वर गावाची ओळ, १८.६२. आणि तिच्या खाली, कंसात:

(आधी १८.३७ होते. चूक. मी तपासले नाही. ही ओळ कुणी पुसू नये.)

माझं नाव शोधत मी खालपर्यंत गेलो. शेकडो ओळी होत्या. कंसात लिहिलेलं बरंच होतं: 'अमावस्या इथे जपून', 'हे सूत्र पुन्हा वाचणे'. माझं नाव कुठेच नव्हतं. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

मग मी वर गेलो आणि त्यांच्या ओळीखाली एक ओळ लिहिली.

(चिठ्ठी माझी होती, मामा.)

प्रोग्राम चालवला. उत्तर तेच आलं, चौदा मे, बारा अठ्ठावीस. मशीनने माझी ओळ वाचली नव्हती. ज्यांनी वाचायची, ते आता नव्हते.