उपोसथाच्या दिवशी कोळशाचं इंजिन

चांगुणाबाई साळवे यांनी पौष पौर्णिमेच्या उपोसथाला पहाटे पाच वाजता अष्टशील, म्हणजे दिवसभर पाळायची आठ शीलं, घेतलं आणि साडेआठला त्यातलं एक मोडलं. इतकी चपळाई नगरच्या त्यांच्या महिला मंडळात दुसऱ्या कुणी दाखवली नसेल. शिवाय मंडळाला शील समजावून सांगायचं काम त्यांच्याचकडे होतं.

मोडलं ते खोटं न बोलण्याचं. पांढऱ्या साडीचा पदर खोचता खोचता त्या नवऱ्याला, उत्तमरावांना, म्हणाल्या, की राहुरीला सीमाकडे जाऊन येऊ, पोरीला बघून दोन महिने झाले. सीमा ही त्यांची लेक राहुरीला दिलेली होती, दोन महिनेही झाले होते. फक्त सीमा त्या दिवशी सासूबरोबर संगमनेरला गेलेली होती, आणि हे चांगुणाबाईंना आदल्या दिवशीपासून ठाऊक होतं.

खरं कारण पिठाच्या डब्यामागे लपवलेल्या पत्रात होतं. पत्र भीमराजचं. भीमराज म्हणजे उत्तमरावांचा जुना फायरमन. उत्तमराव कोळशाचं इंजिन हाकायचे तेव्हा तो भट्टीत कोळसा टाकायचा. आता तो स्वतः ड्रायव्हर झाला होता, पण डिझेलवर. त्यानं लिहिलं होतं, की विलायतेतल्या हौशी लोकांसाठी रेल्वेनं कोळशाचं एक इंजिन घासूनपुसून बाहेर काढलंय आणि बारा जानेवारीला ते दौंडहून मनमाडला सहा डबे घेऊन जाणार आहे. त्या इंजिनाची सवय असलेली माणसं आता थोडी राहिली, म्हणून त्याला बोलावलंय. राहुरीला बाराच्या सुमाराला वीस मिनिटं थांबू, साहेबांशी बोलून ठेवलंय, उस्तादांना घेऊन या, थोडं अंतर त्यांना वर घेतो. खाली एक ओळ वेगळ्या शाईत होती: उस्तादांची शेवटची फेरी राहून गेली, ते माझ्या मनाला लागलंय.

ते चांगुणाबाईंच्याही मनाला लागलेलं होतं. ड्रायव्हर रिटायर होतो तेव्हा त्याच्या शेवटच्या फेरीला इंजिनाला हार घालतात, रुळावर फटाके लावतात, बायकोपोरं फलाटावर उभी राहतात. उत्तमरावांना सात महिने उरले होते आणि डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. ते सात महिने त्यांनी दौंडला एका टेबलापाशी बसून इतरांच्या ड्युट्या वहीत लिहिल्या, आणि एका शनिवारी डबा घेऊन घरी आले. बस, एवढंच. त्याच वर्षी तिकडची कोळशाची इंजिनंही गेली. तेव्हापासून माणूस घरात बसून होता. हो, नाही आणि पाणी, एवढ्या तीन शब्दांत दिवस काढायचा. चांगुणाबाई रोज संध्याकाळी वहीत दिवसाचं लिहीत, त्यात 'हे आज बोलले' असं लिहायला मिळेल म्हणून त्यांनी पानाच्या कडेला जागा सोडायला सुरुवात केली होती. तीन वर्षांच्या वह्यांना नुसताच भरपूर समास झाला होता.

पत्र त्यांनी आधी सरळपणे दाखवलं होतं. उत्तमरावांनी चार ओळी वाचल्या, घडी घातली आणि बऱ्याच महिन्यांनी ते एक पुरं वाक्य बोलले.

"मेलेल्या माणसाला पावडर लावून वरातीत फिरवायचं, तसलं हाय ते. मी न्हाई येत."

त्यावर चांगुणाबाईंनी समजूतदारपणे गप्प बसायला हवं होतं. पण तोवर त्या विहारात बोलून बसल्या होत्या, की आमच्या ह्यांना विलायतेचे लोक इंजिनावर बसवून सत्कार करणार आहेत. सत्काराचा पत्रात शब्द नव्हता. मंडळातल्या मालनबाईंनी विचारलं, फोटो दाखवाल ना? चांगुणाबाईंनी मान डोलावली. उपादान म्हणजे धरून ठेवणं, ते सोडलं पाहिजे, असं त्याच मालनबाईंना त्यांनी आदल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं.

आता प्रश्न होता सातव्या शीलाचा. उपोसथाच्या दिवशी तमाशे, खेळ, करमणूक बघायची नाही. इंजिन बघायला जाणं त्यात येतं का? चांगुणाबाईंनी दोन रात्री विचार करून ठरवलं, की इतरांना ती करमणूक असेल, आपल्याला नाही, कारण अठ्ठावीस वर्षं त्या इंजिनाची काजळी आपण साबणानं घासलीय. विहारातल्या भन्तेंना विचारायचं मात्र त्यांनी टाळलं. भन्ते कदाचित वेगळं सांगतील, ही भीती होती.

जीप पुतण्या पंकजची. पाथर्डी ते नगर तो माणसं वाहायचा, आणि त्या दिवशी काकीसाठी त्यानं धंदा बंद ठेवला होता. त्यानं पुढची सीट झटकून दिली तर काकी मागच्या लोखंडी बाकावर जाऊन बसल्या. आठवं शील, उंच आणि मऊ आसन नको. पंकज म्हणाला, की माझ्या सीटला मऊ म्हणणारी तुम्ही पहिलीच. उत्तमराव पुढे बसले, खिडकीबाहेर बघत. चांगुणाबाईंच्या पायाशी पिशवी होती. पिशवीत भाकरीचा डबा, आणि डब्याखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडूचा हार.

साखर कारखान्यांचे दिवस. विळद सोडल्यापासून उसाच्या ट्रॅक्टरांमागे जीप सरपटत होती. राहुरी स्टेशन दोन कोसांवर असताना अकरा पस्तीस झाले, आणि चांगुणाबाईंच्या लक्षात आलं की आपण जेवलेलो नाही. बारानंतर खायचं नाही म्हणजे नाही. तेवढं एक शील तरी धड राहावं, असं त्यांना फार वाटलं. सकाळच्या खोट्याची भरपाई म्हणा. गाडी यायला अजून पंचवीस मिनिटं होती, आणि रेल्वेच्या माणसाशी संसार केलेल्या बाईला पक्कं माहीत होतं, की पंचवीसची पन्नास होतात. त्यांनी जीप लिंबाखाली थांबवायला लावली.

पंकज म्हणाला, की काकी, आधी स्टेशन गाठू, तिथं फलाटावर खा. चांगुणाबाई म्हणाल्या, फलाटावर माणसांच्या गर्दीत जेवण सावकाश होत नाही. खरं तर सावकाश जेवायचं कारण नव्हतं. पण पुढे दुसऱ्या दिवसापर्यंत उपास आहे म्हटल्यावर हात आपोआप सावकाश होतो. त्या दोन भाकऱ्या खाणार होत्या, तीन खाल्ल्या. तिसरी मोडताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, अकरा बावन्न. फार समाधान वाटलं.

मग उसाच्या पलीकडून धूर उठला.

आधी त्यांना वाटलं, कुणी पाचट पेटवलं. पण धूर चालत होता. उसाच्या तुऱ्यांवरून काळा लांबलचक धूर उत्तरेकडे निघाला होता आणि त्याखाली धप धप आवाज होता. आयुष्यभर उशिरा आलेली रेल्वे त्या दिवशी खास गाडी म्हणून सगळ्यांनी वाट दिल्यामुळे लवकर आली होती. चांगुणाबाईंच्या तोंडात घास होता. तो गिळायला बाराच्या आत सात मिनिटं होती, आणि त्या वेळी त्यांना तेवढंच सुचलं.

उत्तमराव जीपमधून उतरले. धुराकडे बघत राहिले. आपल्याला इथं कशाला आणलंय ते त्यांच्या ध्यानात आलं असणार. चांगुणाबाईंनी मान खाली घातली. आता हे परत फिरायला सांगतील, मग फोटो नाही, फेरी नाही, घरी जाऊन पुन्हा तेच तीन शब्द.

"भट्टीवर कोण हाय त्याच्या?" उत्तमराव म्हणाले. "इतका काळा धूर? गाढव बसवलंय का?"

चांगुणाबाईंनी डबा न धुता पिशवीत टाकला आणि पंकजला खूण केली.

राहुरीला फलाटावर गर्दी पांगत होती. तिथला पॉइंट्समन म्हणाला, की गाडी जेमतेम चार मिनिटं थांबली. इंजिनाला पाणी कमी पडलंय, ते भरायचे जुने नळखांब तर कधीच उपटले, म्हणून पुणतांब्याला टँकर मागवलाय. तिथं तास-दीड तास उभी राहील. ड्रायव्हर बाहेर वाकून कुणाला तरी शोधत होता, हेही त्यानं सांगितलं. चांगुणाबाईंना वाटलं, ती तिसरी भाकरी आता इथं फलाटावर ठेवून जाता आली तर बरं.

कोल्हारचा पूल ओलांडला, बाभळेश्वरहून आत वळून आडरस्ते धरले. जीप अशी उधळली, की चांगुणाबाई लोखंडी बाकावरून चार वेळा वर गेल्या आणि दर वेळी आसन आपोआप उंच झालं. उत्तमराव खिडकीबाहेर मान काढून धूर शोधत होते. पंकजनं मधेच विचारलं, काका, काळा धूर म्हणजे वाईट का? त्यावर चितळीपर्यंत उत्तर चाललं. कोळसा थोडा थोडा, पसरून टाकायचा, हवा सोडायची. चांगल्या फायरमनच्या इंजिनाचा धूर दिसतच नाही, नुसती वाफ दिसते. काळा धूर म्हणजे जळायचा राहिलेला कोळसा, म्हणजे हलगर्जी. चांगुणाबाई बाकावरून पुढे सरकून ऐकत होत्या.

पुणतांब्याला इंजिन उभं होतं. बंदुकीच्या गोळीसारखं नाक, नाकावर चांदणी, आणि बाजूला टँकरची नळी. गोरे लोक कॅमेरे घेऊन शेतात पसरलेले. उत्तमराव जीपमधून उतरेनात. इथनं दिसतंय की, म्हणाले.

चांगुणाबाई हार घेऊन एकट्या गेल्या. भीमराज इंजिनावरून उतरून वाकला, वहिनी, उस्ताद कुठं, म्हणून विचारलं. त्यांनी जीपकडे बोट केलं. भीमराज म्हणाला, की साहेबांनी आता पुढच्या प्रवासाला नाही म्हटलंय, पण फोटोसाठी गाडी मागं नेऊन परत या लोकांसमोरून पळवायची आहे, अर्धा कोस जाणं, अर्धा कोस येणं, तेवढ्यात चालेल. मात्र उस्तादांनी आपल्या पायांनी यायला पाहिजे, धरून आणलं तर साहेब म्हाताऱ्याला वर चढू देणार नाही.

चांगुणाबाई जीपपाशी आल्या. विनवलं. उत्तमरावांनी मान हलवली. अर्ध्या कोसाला फेरी म्हणतात व्हय, म्हणाले.

तेवढ्यात गोऱ्यांबरोबरच्या वाटाड्यानं हात वर करून काहीतरी सांगितलं आणि इंजिनाच्या धुराड्यातून डांबरासारखा धूर उसळला. गोरे लोक खूश झाले. उत्तमराव ताडकन उतरले आणि काठी जीपमध्येच विसरून थेट इंजिनाकडे चालत गेले.

"भीमराज, लाज वाटत न्हाई? हे शिकवलं तुला मी?"

"उस्ताद, त्यांना काळाच लागतो. पांढरा फोटोत उठत न्हाई."

"मग साखर कारखान्याचे फोटो काढ म्हणावं."

आणि ते शिडी चढले. दोन्ही दांड्यांना धरून, बासष्टाव्या वर्षी, कुणाचा हात न घेता. तरण्या फायरमनच्या हातातलं फावडं काढून घेतलं. साहेब काही म्हणणार होता; भीमराजनं त्याच्या कानाला लागून काही सांगितलं, तेव्हा साहेबानं टोपी सारखी केली आणि दुसरीकडे बघायला लागला.

गाडी मागे गेली, लांब वळणाआड दिसेनाशी झाली. चांगुणाबाईंना आता इतरांसारखं शेतात उभं राहायला काय हरकत होती? पण शेवटच्या फेरीला घरच्यांनी रुळाजवळ उभं राहायचं असतं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या रुळाच्या कडेला, सगळ्या कॅमेऱ्यांच्या बरोबर समोर, पांढऱ्या साडीत हार घेऊन उभ्या राहिल्या. मागून माणसं ओरडत होती, ते त्यांना उत्साहाचं वाटलं.

इंजिन आलं. वर धूर नावालाही नव्हता. चाकांशी पांढरी वाफ, आणि खिडकीत काजळीनं माखलेला एक चेहरा, जो चांगुणाबाईंनी असा कामावर कधी पाहिलाच नव्हता. त्यांना तो नेहमी काम संपल्यावर दाराशी दिसायचा. त्यांनी हार फेकला. हार टँकरनं केलेल्या चिखलात पडला. उत्तमरावांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते भट्टीकडे बघत होते.

मग वाटाड्या धावत आला. धूर नाही, आणि ज्या फोटोत इंजिन आहे त्या प्रत्येक फोटोत ही पांढरी बाई आहे. सगळं वाया गेलं, पुन्हा करावं लागेल. चांगुणाबाईंनी हात जोडून माफी मागितली आणि पंकजच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. इंजिन पुन्हा मागे गेलं. उत्तमराव वरच होते, त्यांना उतरवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या वेळी थोडा धूर होता, राखाडी. तडजोड झाली असावी.

परतताना कोल्हारला उत्तमरावांनी भजी खाल्ली, दोन प्लेटा. चांगुणाबाईंनी कोरा चहा घेतला. तिथून नगरपर्यंत उत्तमराव बोलत होते. भीमराजचा हात अजून जड आहे. इंजिनाचं डावं बेअरिंग वाजतंय. एकोणसत्तर साली विसापूरच्या चढावर काय झालं होतं. आणि त्याआधी काय झालं होतं. रिकाम्या पोटी चांगुणाबाईंचं डोकं ठणकत होतं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता विळद गेलं तरी थांबेना, आणि मौनाचं महत्त्व मंडळात आपण नीट सांगितलेलंच नाही, असं त्यांना वाटू लागलं.

"पुढच्या साली बी काढणारेत गाडी," उत्तमराव म्हणाले. "आपण दौंडपासनंच मागं लागू. मधे जेवायला थांबायचं न्हाई."

चांगुणाबाईंनी बरं म्हटलं आणि मनोमन इच्छा केली, की ती तारीख पौर्णिमेची नसावी.